४०३ ची फाईल

गेल्या महिन्यात मी सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं. सहा वर्षं झाली होती, पुरे. नव्या कमिटीकडे किल्ल्या, पावती पुस्तकं आणि शिक्के सोपवले, पण ४०३ नंबरच्या फ्लॅटची फाईल मी मुद्दाम वेगळी काढली होती. बाकीच्या फायली सवडीने बघा, ही मात्र आज माझ्यासमोर बसून वाचा, असं त्यांना सांगितलं. इथेही लिहितेय, कारण आमच्यासारख्या बिल्डिंगी गावोगाव आहेत आणि पेपरच्या आतल्या पानांवर बारीक टायपात छापलेल्या बँकांच्या ताबा सूचना आपण कुणीच वाचत नाही.

आधी एका शब्दाबद्दल. बँकेत जाऊन 'फोरक्लोजर' म्हटलं की आपल्याकडे कर्ज मुदतीआधी फेडून टाकणं असा अर्थ घेतात. ती आनंदाची गोष्ट. मी लिहितेय ते त्याच्या उलट टोकाचं: हप्ते थकतात आणि बँक घर ताब्यात घेऊन लिलावात काढते. आपल्याकडे हे सगळं २००२ च्या सरफेसी कायद्याखाली चालतं. त्यासाठी बँकेला आधी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं. मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते आणि तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर बँक ताबा घेऊ शकते.

४०३ च्या मालकांना ही मागणी नोटीस एप्रिल २०२३ मध्ये आली. बँकेने तिची एक प्रत सोसायटीलाही पाठवली. मी ती उघडली, वाचली, आवक नोंदवहीत चढवली आणि फाईलला लावून टाकली. वाटलं, त्यांचा आणि बँकेचा प्रश्न आहे, आपण मध्ये कशाला पडायचं? मालक तोवर नोकरी गेल्यामुळे दुसऱ्या शहरात राहायला गेले होते. मेंटेनन्सही थकला होता.

जूनमध्ये त्यांचा फोन आला, "वहिनी, भाडेकरू मिळालाय, जरा ना हरकत द्या ना." आम्ही दिली. का दिली, तेही सांगते. भाडं सुरू झालं की थकलेला मेंटेनन्स निघेल, असा कमिटीतल्या सगळ्यांचा हिशोब होता. माझाही होता. राहायला आली ती एक नर्स, तिचा नववीतला मुलगा आणि सासूबाई. दीड लाख डिपॉझिट, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रीतसर रजिस्टर केलेला, पोलीस पडताळणी झालेली. तिच्या बाजूने एकही कागद कमी नव्हता. मालकाच्या बाजूचा जो एक कागद तिने बघायला हवा होता, तो माझ्या कपाटात होता.

मागणी नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मिळकत विकता येत नाही की भाड्याने देता येत नाही. सरफेसीच्या कलम १३ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय आणि नोटिशीतही छापलेलं असतं. मी ती ओळ वाचली होती. जूनमध्ये ना हरकतीवर सही करताना ती मला आठवली नाही, एवढंच म्हणू शकते.

सप्टेंबरमध्ये बँकेची माणसं येऊन दाराला ताबा सूचना चिकटवून गेली. कायद्याप्रमाणे ती दोन वर्तमानपत्रांतही यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्या संध्याकाळी ती नर्स ड्यूटीवरून परस्पर माझ्याकडे आली. गणवेशही बदलला नव्हता. मोबाईलवर काढलेला फोटो पुढे धरून म्हणाली, "काकू, यात लिहिलंय की बँकेने ताबा घेतला. पण मी तर आत राहतेय. मग कसला ताबा?"

हा सांकेतिक ताबा असतो. कागदावर घर बँकेकडे गेलेलं असतं, माणसं आतच राहत असतात. घर प्रत्यक्षात रिकामं करून घ्यायचं तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, मोठ्या शहरांत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे. त्यात काही महिने जातात आणि भाडेकरूची फसगत नेमकी त्याच महिन्यांत होते. मालकाने तिला सांगितलं, "फक्त फॉर्म्यालिटी आहे, सेटलमेंट चालू आहे." एजंटनेही तेच सांगितलं. तिने पुढचे सहा महिने भाडं भरलं, एकदाही उशीर केला नाही.

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगायला हवी होती. आज कुणीही विचारलं तर तीच सांगते: दारावर असा कागद दिसला की त्याच आठवड्यात मालकाशी लेखी ठरवा आणि डिपॉझिट भाड्यात वळतं करून घ्या. ती रक्कम मालकाने घेतलेली असते, बँकेने नाही. घर गेल्यावर बँक त्यातला रुपया देत नाही, लिलावात घेणाराही देत नाही. मालकावर दिवाणी दावा करता येतो, पण जो हप्तेच भरू शकला नाही त्याच्याकडून ते पैसे कधी सुटणार?

तारण ठेवण्याच्या आधीपासूनची कायदेशीर भाडेदारी असेल आणि तिचा पुरावा असेल, तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हर्षद सोंडागर खटल्यात अशा भाडेकरूंना संरक्षण दिलं. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने भाडेकरूला कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, आपला हक्क मांडण्याची वाट कायद्यातच आली. पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मुळात घरात हक्क मिळत नाही, फक्त राहायची परवानगी मिळते. इथे तर करारच नोटिशीनंतरचा. तिने ज्या वकिलाला कागद दाखवले त्याने ते पाच मिनिटांत परत केले.

मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष ताबा झाला. बँकेचे प्राधिकृत अधिकारी, तहसील कार्यालयातला एक माणूस, दोन पोलीस, कुलूपवाला आणि पंच म्हणून बाहेरून आणलेले दोघं. कुणी आवाज चढवला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या अधिकाऱ्यांनी तिला दुपारी चारपर्यंत वेळ दिला. सामान जिन्यातून खाली उतरत होतं, लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती. सासूबाई माझ्या हॉलमध्ये बसून होत्या. चार वाजता कुलूप लागलं, त्यावर लाखेचं सील.

त्या दिवशी सकाळी बिल्डिंगला पाणी नव्हतं. ४०३ च्या स्वयंपाकघरातला नळ कुणीतरी उघडून बघितला असणार आणि तो तसाच राहिला. सिंकमध्ये पोतेरं पडलेलं होतं. रात्री नऊला पाणी आलं आणि साडेनऊला ३०३ च्या छतातून धार लागली. वर सील. तोडलं तर गुन्हा. अधिकाऱ्यांचा फोन बंद. मुलं टॉर्च घेऊन गच्चीवर गेली आणि त्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा ती धार थांबली. पुढे चार महिने ४०१ ते ४०४ सगळ्यांना त्या एका व्हॉल्व्हमुळे वेळ ठरवून पाणी सोडावं लागलं. ३०३ वाल्यांनी छताचं प्लास्टर आणि रंग स्वतःच्या पैशाने केला. जप्तीत या माणसांचा कुठल्याच कागदावर उल्लेख नसतो.

विकणाऱ्यांचं काय झालं, ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे पाहून कळलं. त्यांचा फ्लॅट ४०३ एवढाच, तसाच. मुलीजवळ राहायला जायचं म्हणून ते विकायच्या तयारीत होते. गिऱ्हाईक यायचं ते खिशात लिलावाच्या जाहिरातीचं कात्रण घेऊन: "काका, वरचा फ्लॅट बँक इतक्याला देतेय, तुम्ही एवढे का मागता?" राखीव किंमत म्हणजे लिलावातली किमान बोली, बाजारभाव नव्हे, हे काका परोपरीने समजावत. पहिल्या लिलावाला कुणी आलंच नाही, बँकेने किंमत उतरवली आणि काकांचं बोलणं आणखी अवघड झालं. आठ महिने थांबून त्यांनी शेवटी मनात धरलं होतं त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत व्यवहार केला. त्यांचं स्वतःचं कर्ज कधीच फिटलं होतं. त्यांच्या हातून एकही हप्ता चुकला नव्हता.

आणि सगळ्यात जास्त मला हे सलतं: ४०३ च्या मालकांकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये गिऱ्हाईक आलं होतं. चांगला भाव देत होतं. बँकेचं कर्ज, आमची थकबाकी, त्या नर्सचं डिपॉझिट, सगळं भागून थोडं उरलं असतं. नोटीस आल्यावरही बँकेची लेखी संमती घेऊन घर विकता येतं. गिऱ्हाईक थेट बँकेत पैसे भरतं, बँक बोजा उतरवते आणि मूळ कागद सोडते. पण ते गिऱ्हाइकाला सांगायला लाजले. बँकेत जायला लाजले. गिऱ्हाइकाने इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, काढला, ऑनलाईन शोधात बँकेची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर तारण असल्याची नोंद, सापडली, चौकशीत पुढचं सगळं बाहेर आलं आणि फसवणूक होतेय असं वाटून ते निघून गेलं. सांगून टाकलं असतं तर राहिलं असतं, असं मला खात्रीने वाटतं. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे जेवून आलो होतो. त्या माणसाला बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायचं नव्हतं, आणि तोंड न दाखवण्यात दोन वर्षं गेली.

अशा वेळी बँकेकडे जायला उशीर करून चालत नाही. २०१६ पर्यंत विक्री पूर्ण होईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता यायचं. आता ती मुदत लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसाच अर्थ लावला. मागणी नोटिशीवर आक्षेप पाठवला तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं, आणि ताब्याविरुद्ध डीआरटीत ४५ दिवसांत जाता येतं. आमच्या मालकांनी यातलं काहीच केलं नाही. पाकिटं उघडलीच नव्हती, असं पुढे त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

दुसऱ्या लिलावात एका तरुण जोडप्याने घर घेतलं. दोघं नोकरी करणारे. स्वस्तात पडलं म्हणून बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली, पण त्यांची धावपळ मी जवळून पाहिली. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरावे लागतात, आधी भरलेली बयाणा रक्कम त्यात धरून. उरलेले ७५ टक्के १५ दिवसांत. त्यांचं गृहकर्ज दुसऱ्या बँकेकडून व्हायचं होतं आणि तिथे मूळ कागदांवरून अडलं. मुदत लेखी वाढवून घेता येते, जास्तीत जास्त तीन महिने, हे त्यांना चौदाव्या दिवशी कळलं. वाढवून मिळाली नसती तर भरलेले २५ टक्के जप्त झाले असते.

जाहिरातीत 'जसे आहे जेथे आहे' असं असतं, त्याचा अर्थ त्यांना आमच्या ऑफिसात येऊन समजला: २६ महिन्यांचा मेंटेनन्स व्याजासकट, मालमत्ता कर, वीजबिल. मग विक्री प्रमाणपत्रावरचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. लिलावात उतरायच्या आधी कुणी सोसायटीत येऊन थकबाकीचा आकडा मागितला तर तो त्याला लेखी द्या, असं मी नव्या कमिटीला सांगितलंय. या जोडप्याने बोलीआधी चौकशीला फोन केला होता. आमच्या वॉचमनने सांगितलं, मॅडम नाहीत.

प्रत्यक्ष ताबा झालेलं घर मिळालं हे त्यांचं नशीब. केवळ सांकेतिक ताबा असलेलं घर लिलावात घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे, किंमत कितीही उतरलेली असो. आतलं कुटुंब बाहेर काढण्याचं काम मग तुमच्या पैशांवर आणि तुमच्या झोपेवर येऊन पडतं.

मी जायच्या आधी कमिटीकडून दोन ठराव करून घेतले. भाडेकरूसाठी ना हरकत मागणाऱ्या मालकाने कर्ज असेल तर बँकेचं ताजं खातेविवरण जोडायचं. आणि बँकेची कुठलीही नोटीस सोसायटीत आली की तिची प्रत त्या घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या हातात द्यायची, पोच घ्यायची. पहिल्या ठरावावर बैठकीत बरीच वादावादी झाली. आमच्या खासगी व्यवहारात सोसायटीचं काय, असं दोघा-तिघांनी विचारलं. मी ३०३ वाल्या वहिनींना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहून त्या रात्रीच्या पाण्याबद्दल बोलल्या. ठराव झाला.

ती नर्स आता स्टेशनपलीकडे राहते. मुलगा यंदा दहावीला होता. दीड लाखातले वीस हजार मालकांनी दोनदा करून पाठवले, त्यानंतर काही नाही. तिने दावा करायचं ठरवलंय. मागच्या रविवारी ती एप्रिल २०२३ च्या नोटिशीची प्रत मागायला आली. करार होण्याआधी नोटीस आलेली होती, हे तिच्या वकिलाला दाखवायचंय. नव्या सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या कागदावर सोसायटीचा आवक शिक्का आहे आणि जूनमधली ना हरकत आमच्या लेटरहेडवर आहे. उद्या आम्हालाही कुणी विचारू शकतं. मी म्हटलं, द्या. फाईल मीच उघडली, झेरॉक्स काढून आणली आणि त्यावर सत्यप्रतीचा शिक्का मारला. सही मात्र नव्या सेक्रेटरींनी केली, कारण माझी आता चालत नाही. आवक तारखेच्या शेजारी माझी जुनी सही प्रतीवर स्पष्ट उमटलीय.