गाडी बसली म्हणजे नेमकं काय झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "खडकाळ वाटांसाठी गाडी दोन इंच उचलून घेतली होती, आता बसलीय, उंची कमी झालीय. स्प्रिंगा बदलायलाच हव्यात का, की स्पेसर टाकून भागेल?" (स्पेसर म्हणजे उंची वाढवायला स्प्रिंगच्या टोकाशी ठेवायची जाड चकती.) विचारणाऱ्याला मनातून "भागेल" हेच ऐकायचं असतं, आणि त्यात वावगं काही नाही. स्प्रिंगा उतरवून चढवायच्या म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस गाडीखाली जातो. पण उत्तर देण्याआधी मी विचारतो, गाडी बसली हे कशावरून ठरवलंत?

नुसतं लांबून बघून ठरवू नका. गाडी सपाट जागी उभी करा, दोन-चार फूट पुढे-मागे ढकला म्हणजे सस्पेन्शन मोकळं होईल, आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजू नका. तसं मोजलं की टायरची झीज आणि टायरमधली हवाही त्या मापात शिरते. चारही चाकांची मापं लिहा, टाकी किती भरलेली होती तेही लिहा. गाडी उचलली त्याच दिवशी ज्यांनी ही चार मापं टिपून ठेवली, त्यांचं निम्मं काम तिथेच झालं. बाकीच्यांना निदान डाव्या-उजव्यातला फरक तरी दिसेल. चालवणारा बसतो ती बाजू थोडी खाली असू शकते, पण फरक वीस-पंचवीस मिलिमीटरचा निघाला तर बॅटरी घेऊन स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं नीट बघा. कधी कधी ते वाटीतच, म्हणजे स्प्रिंग जिच्यात टेकते त्या बैठकीतच, तुटून पडलेलं असतं आणि वरून काहीच दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. गाडी दोन कारणांनी बसते. एक तर तिच्यावरचं वजन वाढतं, नाही तर स्प्रिंग स्वतःच आखूड होते. इलाज वेगळे आहेत, आणि ज्यांच्या गाडीत हे दोन्ही झालंय ते सहसा एकाचाच विचार करतात.

वजनाचं आधी घेऊ. समजा पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपर मिळून ९० किलो वाढले. हे वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकत असतं, त्यामुळे तरफेसारखं काम करतं. ते ॲक्सलपासून ८० सेंटिमीटर पुढे असेल आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २६० सेंटिमीटर असेल, तर पुढच्या ॲक्सलवर जवळजवळ ११८ किलो चढतात आणि मागचा ॲक्सल २८ किलोंनी हलका होतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर ५९ किलो. दर मिलिमीटरला अडीच किलो पेलणारी स्प्रिंग असली, तर गाडी पुढून २३-२४ मिलिमीटर उतरणारच, स्प्रिंग नवी कोरी असली तरी. मोठी, जड चाकं लावल्याने मात्र गाडी बसत नाही, कारण त्यांचं वजन स्प्रिंगवर येतच नाही, ते थेट जमिनीवर असतं. मागच्या दाराला लटकवलेली तीच जड स्टेपनी मात्र गाडीला बसवते.

आता स्प्रिंगचं. "स्प्रिंग नरम पडली" असं सगळे म्हणतात, मीही बरीच वर्षं म्हणायचो. पण स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर, वेटोळ्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या गुणावर. यातलं काहीही वर्षानुवर्षं चालवून जाणवण्याइतकं बदलत नाही. होतं असं, की पुन्हा पुन्हा जबर दाब बसून पोलाद कणाकणाने कायमचं वळतं आणि स्प्रिंगची मोकळी, म्हणजे दाब नसतानाची, उंची कमी होते. तीच स्प्रिंग, तितकीच कडक, फक्त आखूड.

याला एक अपवाद आहे, गंज. एका जुन्या पुढच्या स्प्रिंगचं खालचं वेटोळं मी हातात घेऊन बघितलं होतं. दगडांनी रंग उडालेला, वाटीत चिखल साचून सुकलेला. नखाने खरवडलं तर गंजाची खपली सुटून आली, आणि खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. त्याच्या वरच्या दोन वेटोळ्यांवर समोरासमोर दोन चकचकीत डाग होते, म्हणजे वेटोळी एकमेकांवर आपटत होती. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. तार गंजून पाचच टक्के बारीक झाली तरी कडकपणा अठरा-एकोणीस टक्क्यांनी घटतो. शिवाय अशा खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. असली स्प्रिंग उंचीला बरोबर भरत असली तरी मी परत चढवत नाही.

मग स्पेसर? उंची तो खरोखर देतो, हे मान्य. स्प्रिंगा चांगल्या असतील आणि पुढची बाजू थोडी सारखी करायची असेल तर जरूर टाका. पण आखूड झालेल्या, खूणा पडलेल्या स्प्रिंगवर स्पेसर ठेवला की चाक वर जाऊन त्याला अडवणाऱ्या रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत त्या स्प्रिंगला आधीपेक्षा जास्त दबावं लागतं, बरोबर स्पेसरच्या जाडीइतकं. जी मुळात दाबाने बसली, तिच्यावर आणखी दाब. ती आणखी बसणार, आणि वेटोळी बंप स्टॉपच्या आधी एकमेकांवर आपटली तर तो दणका थेट वाटीला आणि चासीला.

"उचललेलीच आहे, थोडी उतरली तर काय बिघडलं?" असंही काही जण म्हणतात. मला वाटतं, उचललेल्या गाडीतच जास्त बिघडतं. त्या उंचीला धरून बाकी सगळं बसवलेलं असतं. ॲक्सल मध्यावर आणायला पॅनहार्ड रॉडची, म्हणजे ॲक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्याची, लांबी जुळवलेली असते. उंची गेली की ॲक्सल पुन्हा एका बाजूला सरकतो. मागच्या ब्रेकला भाराप्रमाणे दाब देणारा व्हॉल्व्ह ज्या गाड्यांत आहे, तिथे त्याची पट्टी नव्या उंचीला लावलेली असते. मागची बाजू बसली की व्हॉल्व्हला गाडी भरलेली वाटते, तो मागे जास्त दाब सोडतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं लवकर जाम होतात. ओल्या उतारावर हे फार वाईट.

मागे वेटोळ्याच्या स्प्रिंगऐवजी कमानीचे पाटे असतील तर तिथेही हेच. बसलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देऊन घेता येते, पण माझ्या अनुभवात ती टिकत नाही. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) लावून उंची मिळते, तीही वाढवलेल्या लांबीच्या साधारण निम्मीच, आणि ॲक्सलचा कोन बदलतो. नवे पाटे घ्या, आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा आवळलेले यू-बोल्ट ताणले गेलेले असतात.

नवी स्प्रिंग निवडताना "दोन इंची" एवढंच सांगून थांबू नका. उंची वेगळी आणि कडकपणा वेगळा. रोजचं सामान गाडीत तसंच ठेवून वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला, आणि त्या वजनाची स्प्रिंग मागा. दणकट असावी म्हणून सगळ्यात जड भाराची घेतली, तर गाडी रिकामी असताना उड्या मारते, चाक खडकावर टेकलेलं राहत नाही. आणि एका ॲक्सलच्या दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलायच्या.

अखंड ॲक्सलची, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असलेली, गाडी असेल तर हे काम घरी करता येतं. चाकांना उटी लावा, चासीखाली पक्के स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. शॉक अब्सॉर्बरची खालची टोकं आणि अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) दुवे सोडून ॲक्सल जॅकवरून हळूहळू खाली घ्या. या वेळी नजर स्प्रिंगवर नको, ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर हवी. ते ताणले जायला लागले की थांबा. स्प्रिंग बऱ्याचदा हातानेच सुटून येते. पुढे शॉकभोवती स्प्रिंग असलेली जुळणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत अडकवलेली असते आणि वरचा नट सोडला तर ती जिवावर बेतू शकते. योग्य कंप्रेसर आणि सवय नसेल तर ते काम गॅरेजला द्या.

नव्या स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलं की ॲक्सल वर घेताना बारीकसा टक्क आवाज येतो. आला नाही तर हात घालून बघा.

बुशच्या (सांध्यातल्या रबरी नळीच्या) बोल्टबद्दल कळकळीने सांगतो, कारण ते मला महागात पडलं. पहिल्यांदा स्प्रिंगा बदलल्या तेव्हा मागचे आर्मही, म्हणजे ॲक्सल चासीला जोडणारे दांडेही, सोडले होते. चाकं हवेत लटकलेली असतानाच मी सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पूर्ण आवळले आणि समाधानाने गाडी खाली घेतली. काही महिन्यांत मागून करकर यायला लागली. खाली जाऊन बघितलं तर बुशचं रबर फाटून लोंबत होतं. बुशची आतली नळी बोल्टने जिथे जखडली जाते तीच रबराची विश्रांतीची जागा. मी ती लटकलेल्या स्थितीत जखडली होती, म्हणून गाडी जमिनीवर आल्यापासून ते रबर दिवसरात्र पिळलेलंच राहिलं. चारही बुश नवे घातले, पुन्हा तेवढाच दिवस गेला. आता बोल्ट आधी हाताने धरतील एवढेच लावतो, गाडी चाकांवर उतरवतो, वर-खाली हलवून बसू देतो, आणि मग खाली सरपटत जाऊन आवळतो.

यानंतर अलाइनमेंट करून घ्या आणि दिव्यांची उंची लावून घ्या. नवी स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, त्याने घाबरू नका. साधारण ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट, विशेषतः यू-बोल्ट, पुन्हा टॉर्कला तपासा, आणि तीच चार मापं परत घ्या. मी ती तारखेसकट दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवतो. माझ्या गाडीत आता तिथे मापांच्या सहा ओळी आहेत.