ट्वायला गोरी की रॉबर्टा?

एम.ए.च्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात शेवटचं युनिट ‘विविध सांस्कृतिक आवाजां’चं. एक आफ्रिकन-अमेरिकन, एक नेटिव्ह अमेरिकन (मूळनिवासी), एक चिनी वंशाची, एक मेक्सिकन वंशाची. पंगतीत एकेक लाडू वाढावा तशी वाटणी. मुलंही त्याच हिशोबाने घोकतात. लेखिका काळी, तर गुलामगिरी लिहा. चिनी, तर स्थलांतर. दलित पँथरने १९७२मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेतलं, हेसुद्धा दोन ओळींत उरकतात. या सगळ्याला वैतागून मी यंदा अभ्यासक्रमात नसलेली आफ्रिकन-अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनची ‘रेसिटॅटिफ’ ही कथा वर्गात घेतली.

नोबेल मिळालेली मॉरिसन मुख्यतः कादंबऱ्यांची. कथा तिने फारशा लिहिल्याच नाहीत. ही १९८३ची. ट्वायला आणि रॉबर्टा या आठ वर्षांच्या मुली मुलांच्या आश्रमात एका खोलीत राहतात. एक गोरी, एक काळी. कोण कोणती, हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही, आणि तेही मुद्दाम.

फळ्यावर दोन रकाने पाडले आणि म्हटलं, पुरावे द्या.

ट्वायलाची आई रात्रभर नाचते. “म्हणजे ट्वायला काळी,” पहिल्या बाकावरून लगेच उत्तर. रॉबर्टाच्या आईच्या छातीवर भला मोठा क्रॉस, काखेत तेवढंच मोठं बायबल. “मग ही काळी, चर्चवाली.” भेटीच्या दिवशी ट्वायलाची आई फाटक्या अस्तराच्या खिशातून हात सोडवून पुढे करायला बघते, रॉबर्टाची आई तिच्याकडे वरून खाली बघते आणि मुलीला ओढत रांगेतून निघून जाते. यावर वर्गात जुंपली. गोरी बाई काळीचा हात घेणार नाही, हे सगळ्यांना पटलं. पण धार्मिक काळी बाई तरी असल्या गोरीचा कशाला घेईल? मग डबा निघाला. रॉबर्टाला चिकन, हॅम सँडविच, संत्री. ट्वायलाला काहीच नाही. एकाने चिकनवरून जात ठरवायला घेतली. वंश म्हणायचं होतं त्याला, तोंडून ‘जात’ गेलं. थोडा हशा झाला.

तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी हजेरीपुरतं बोलणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, रूम बघायला गेलो की आम्हाला असंच ओळखतात.” घरमालकीण आधी विचारते, मटण-मासे खाता का. मग गाव कुठलं. मग गावात घर कोणत्या बाजूला. “आडनावापर्यंत जावंच लागत नाही.”

“हे विषयांतर होतंय,” एक जण पुटपुटला. मी म्हटलं, अजिबात नाही, आणि तिचे तीनही प्रश्न तिसरा रकाना पाडून फळ्यावर लिहिले. ज्याने चिकनचा पुरावा दिला होता, तो खाली मान घालून कथा पुन्हा चाळू लागला.

पुढचा तास मॅगीवरच गेला. आश्रमाच्या स्वयंपाकघरात राबणारी, मुकी, वाकड्या पायांची, वाळूच्या रंगाची. ती पडली की पाडली, कुणी लाथा मारल्या, ती काळी होती का, यावर दोघी मैत्रिणी मोठेपणी भांडतात. ट्वायलाला तर तिच्या रंगाचीही खात्री देता येत नाही. मला विचाराल तर कथेचं खरं ओझं इथे आहे, पण गाईडछाप डोक्यांना मॅगी दिसतच नाही.

“पण मॅडम, पेपरात विचारलं तर? गोरी कोण लिहायची?”

“दोन्ही बाजू लिही, पुराव्यानिशी.”

“मग दहा मार्कांत बसायचं कसं?”