तिसरी रिक्वेस्ट निघालीच नव्हती

आमच्याकडे रोज पहाटे पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्या कमांड-भाषेत लिहिलेली एक स्क्रिप्ट चालते. साइट्सची यादी घ्यायची, एकेका पानाला रिक्वेस्ट पाठवायची, 200 (म्हणजे 'सगळं ठीक' हा कोड) आलं की पुढचं पान, नाही आलं की मेल. लिहिणारा कधीच दुसऱ्या टीममध्ये गेलाय, पण स्क्रिप्टची कधी तक्रार नव्हती. त्या सकाळी मात्र मेलबॉक्स उघडला तर एकाच सर्व्हरची जवळजवळ सगळी पानं टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत काम पुरं नाही! आणि तीच पानं ब्राउझरमध्ये क्षणात उघडत होती.

अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो, "टाइमआउट वाढवून टाक." मला या सल्ल्याची मनापासून चीड आहे. कोण कशासाठी थांबलंय हे कळण्याआधीच आकडा वाढवला की हाती असलेला पुरावा आपणच पुसतो. तरी एका सहकाऱ्याने 300 सेकंद करून पाहिले. स्क्रिप्ट तिथेच अडकली, फक्त प्रत्येक वेळी नेमकी 300 सेकंदांनी पडू लागली. आधीचा लॉग काढला तर त्यात प्रत्येक नापास पानामागे नेमके 100 सेकंद गेलेले.

इथेच माझा सर्व्हरवरचा संशय फिटला. दमलेला सर्व्हर इतका वक्तशीर नसतो. तो कधी 40 सेकंद लावतो, कधी 70, एखादं पान देऊनही टाकतो. दर वेळी तोच आकडा म्हणजे घड्याळ आपल्या बाजूचं. स्क्रिप्ट रिक्वेस्ट पाठवते ती मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्कमधल्या एचटीटीपीवेबरिक्वेस्ट या तयार क्लासमार्फत, आणि त्याचा डिफॉल्ट (आपण काही न लिहिल्यास लागू होणारा) टाइमआउट 1,00,000 मिलिसेकंद आहे, म्हणजे 100 सेकंद. स्क्रिप्टमध्ये हा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून तो कुणाला ओळखीचा वाटला नाही.

बदललं होतं ते एवढंच, की आदल्या दिवशी यादीत त्या सर्व्हरची बरीच पानं घातली होती. त्याआधी दर सर्व्हरचं एकच पान असे. त्यामुळे फायरवॉलवर संशय जाणं साहजिक होतं: एकाच मशीनवरून भराभर रिक्वेस्टी आल्या, फायरवॉलने अडवल्या. तिकीटही टाकलं गेलं. नेटवर्कच्या सहकाऱ्याने पॅकेट कॅप्चर लावला (येणारी-जाणारी पॅकेट्स टिपून ठेवली) आणि फोनवर सांगितलं, "अहो, तुमच्याकडून दोनच कनेक्शन्स आलीत. तिसऱ्याचं सिन पॅकेटसुद्धा, म्हणजे कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट, निघालेलं नाही. आम्ही अडवणार काय?"

सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉगही तेच सांगत होता. पहिली दोन पानं, दोन्हींना 200, उत्तर काही मिलिसेकंदांत. पुढे नोंदच नाही. म्हणजे तिसरी रिक्वेस्ट आमच्या मशीनच्या बाहेरच पडली नव्हती. 'द ऑपरेशन हॅज टाइम्ड आउट' हा मेसेज आपण किती थांबलो एवढंच सांगतो, कुठे थांबलो ते सांगत नाही. आम्ही सगळे तो 'सर्व्हरने उत्तर दिलं नाही' असाच वाचत होतो.

मग स्क्रिप्ट अडकलेली असतानाच दुसऱ्या विंडोत मशीनची कनेक्शन्स दाखवणारं नेटस्टॅट चालवलं. त्या सर्व्हरच्या पत्त्यासमोर दोन ओळी, दोन्ही क्लोज-वेट अवस्थेत, दोन्हींचा प्रोसेस आयडी आमच्या पॉवरशेलचा. क्लोज-वेट म्हणजे समोरच्याने आपलं टोक बंद केलंय आणि आपल्या प्रोग्रॅमने अजून केलेलं नाही. सर्व्हर वाट पाहून केव्हाच मोकळा झाला होता, कनेक्शन धरून बसलो होतो आम्ही. आणखी एक गोष्ट आता जुळली. त्याच विंडोत स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर पहिलंच पान अडकायचं, नवी विंडो उघडली की पहिली दोन पानं सुखरूप जायची. ही दोन कनेक्शन्स प्रोसेसच्या मालकीची होती आणि विंडो बंद होईपर्यंत सुटत नव्हती.

कोड उघडल्यावर शोधायला फार काही उरलं नव्हतं. लूपमध्ये गेटरिस्पॉन्सने सर्व्हरचं उत्तर, म्हणजे रिस्पॉन्स, मागवायचं, त्यातून स्टेटस कोड घ्यायचा, पुढचं पान. रिस्पॉन्सचा मजकूर वाचलेला नाही आणि क्लोज तर कुठेच नाही. रिस्पॉन्स बंद होत नाही तोवर त्याचं कनेक्शन गुंतलेलंच राहतं. आणि डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये साध्या प्रोग्रॅमला एका होस्टकडे एका वेळी दोनच कनेक्शन्स मिळतात. काउंटरला दोनच खिडक्या आणि दोन्हींपुढचे लोक काम होऊनही हलायला तयार नाहीत, अशी गत. तिसरी रिक्वेस्ट आतल्या रांगेत उभी, आणि रांगेत घालवलेला वेळही त्या 100 सेकंदांतच मोजला जातो.

हा दोनचा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. 1999 च्या आरएफसी 2616 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात एचटीटीपी 1.1 साठी सूचना होती, की एका वापरकर्त्याच्या क्लायंटने एका सर्व्हरकडे दोनपेक्षा जास्त कायम कनेक्शन्स ठेवू नयेत. 2014 च्या आरएफसी 7230 मधून तो आकडा गेला, पण फ्रेमवर्कचा डिफॉल्ट तसाच राहिला. दर सर्व्हरचं एकच पान होतं तोवर आमची स्क्रिप्ट या मर्यादेला कधी भिडलीच नव्हती.

मर्यादा 50 करून टाकू, असंही कुणीतरी सुचवलं. मी सरळ नाही म्हटलं. एक्कावन्नाव्या पानाला तेच होणार, आणि तोवर आजचं सगळं विसरलेलं असणार. लूपमध्ये ट्राय-फायनली घातलं आणि फायनलीत, म्हणजे मध्येच चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, रिस्पॉन्स क्लोज केला. पूर्ण यादी काही सेकंदांत पार पडली. पुन्हा नेटस्टॅट पाहिलं, क्लोज-वेटची एकही ओळ नाही. फायरवॉलचं तिकीट मागे घेतलं आणि नेटवर्कच्या सहकाऱ्याला फोन करून कारण सांगितलं.

टाइमआउट मात्र मी वाढवण्याऐवजी 20 सेकंदांवर आणला. दहावर नेला नाही, कारण डीएनएसमध्ये सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधायलाच 15 सेकंदांपर्यंत लागू शकतात, असं या क्लासच्या कागदपत्रांत स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे एकच मेल आला, रिपोर्टच्या एका पानाचा. या वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्टची नोंद होती, ती वेळेवर पोचली होती आणि मागे एक क्वेरी खरोखरच रेंगाळत होती. लॉगच्या त्या ओळी जोडून ते काम डेटाबेसवाल्यांकडे पाठवलं.