तुम्ही विचारलंत म्हणून : चांगलं चकचकीत इंजिन मळवायचं कशाला?

माझी रेल्वेची मॉडेल पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतोच. वाफेच्या इंजिनाचं मॉडेल खोक्यातून निघतं तेव्हा आरशासारखं लखलखत असतं. त्यावर काजळी, गंज आणि तेलाचे ओघळ रंगवायला हात कसा होतो? प्रश्नामागची हळहळ खरी असते, म्हणून सविस्तर लिहितो.

वाफेचं इंजिन कोळसा जाळतं, पाणी उकळतं आणि सांध्यासांध्यात तेल मागतं. या तिन्हींच्या खुणा त्याच्या अंगावर उमटतात. त्या नसतील तर १:७६ च्या ओओ मापात किंवा १:८७ च्या एचओ मापात रिव्हेट न् रिव्हेट अचूक असूनही इंजिन कधी रुळावर चाललंय असं वाटत नाही. शिवाय इंजिनाचं माप लहान करता येतं, त्यावर पडणारा उजेड लहान करता येत नाही. वीतभर लांबीच्या मॉडेलवरची चकाकी डोळ्याला लगेच प्लास्टिकची जाणीव करून देते. काळ्या रंगाचंही तेच. खरं इंजिन आपण काही अंतरावरून पाहतो आणि मधल्या हवेमुळे त्याचा काळा थोडा करडा दिसतो. म्हणून शुद्ध काळा रंग मी मॉडेलवर वापरतच नाही. त्यात करडा किंवा तपकिरी मिसळतोच.

मॉडेलवर अशा वापराच्या खुणा रंगवण्याला वेदरिंग म्हणतात. पण नुसतं मळवणं म्हणजे वेदरिंग नव्हे. माझा एकच नियम आहे: ज्या डागाचं कारण सांगता येत नाही, तो डाग लावायचा नाही.

स्मोकबॉक्स, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाची धूर जमणारी पेटी, आणि बॉयलर हे जोडीनं पाहा. बॉयलरभोवती उष्णता राखणारं वेष्टण असतं आणि त्यावर पातळ पत्रा. आपल्याला बाहेरून दिसतो तो हा पत्रा. तो बेताचाच तापतो, त्यामुळे त्याचा रंग बराच टिकतो. धुरांड्याखालच्या स्मोकबॉक्सला असं वेष्टण नसतं. तिथला रंग उष्णतेनं करपतो, निस्तेज करडा पडतो. भट्टीतून ओढले गेलेले कोळशाचे जळके कण त्याच्या तळाशी साचतात. दार घट्ट बसत नसेल तर फटीतून हवा आत शिरते, ते कण पुन्हा पेटतात आणि दाराचा खालचा भाग बाहेरून भाजून तांबूस होतो. एवढी एक तांबूस छटा योग्य जागी आली की जाणकार माणूस मॉडेलपाशी थबकतो. तोच तांबूस रंग कुणी बॉयलरभर फासला, तर इंजिन भंगारात उभं असल्यासारखं दिसतं. नवशिक्यांच्या कामात गंज नेहमी जास्त असतो. चालत्या इंजिनावर गंजापेक्षा तेल आणि काजळी कितीतरी जास्त असते.

पाण्याच्या खुणा पांढऱ्या. जड पाण्यातले क्षार जिथून वाफ किंवा पाणी झिरपतं तिथे साचतात: सेफ्टी व्हॉल्व्हच्या आसपास, बॉयलर धुण्याच्या झाकणांखाली, बॉयलरमध्ये पाणी शिरतं त्या व्हॉल्व्हखाली. हे ओघळ बारीक असतात आणि सरळ खाली उतरतात. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, फायरमन (भट्टीत कोळसा घालणारा) पाणी भरतो तेव्हा ते सांडतं आणि कोळशाची धूळ वाहून नेतं, म्हणून टेंडरच्या बाजूला धुतल्यासारखे पट्टे दिसतात.

ओघळ काढायची माझी रीत सांगतो. आधी मॅट वार्निशचा हात, तो पूर्ण वाळू द्यायचा. वार्निश अ‍ॅक्रिलिक असावं, म्हणजे पुढचं थिनर त्याला सहसा धक्का लावत नाही. मग पातळ केलेला इनॅमल रंग, काळपट तपकिरी, सगळ्या बाजूवर. तो थोडा सुकला की रुंद चपटा ब्रश थिनरमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि वरून खाली, फक्त वरून खाली, ओढायचा. पाऊस ज्या दिशेनं मळ नेईल तीच दिशा. सपाट पत्र्यावरचा रंग निघून येतो. रिव्हेटभोवती, हँडरेलच्या खाली, जोडाच्या रेषेत थोडा उरतो. उरलेला तो थोडाच खरा. अगदी शेवटी पिगमेंटची पावडर, कॅबच्या (ड्रायव्हरच्या खोलीच्या) छपरावर आणि धुरांड्यामागे. पावडरवर वार्निश मारलं तर तिचा निम्मा परिणाम नाहीसा होतो, तेव्हा सतत हाताळायचं मॉडेल नसेल तर मी ती तशीच ठेवतो.

चाकांसाठी एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं साधन) हवा आणि मोटर चालू हवी. इंजिन उलटं पाळण्यात ठेवायचं, चाकांना वायरीनं वीज द्यायची आणि ती सावकाश फिरत असताना रंग उडवायचा. चाकं थांबलेली असतील तर चाकं फिरवणाऱ्या कनेक्टिंग रॉडमागची जागा कोरी राहते आणि इंजिन हललं की ती कोरी खूण उघडी पडते. नंतर चाकांच्या कडा आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या थिनरनं स्वच्छ पुसायच्या, नाहीतर इंजिन धक्के खात चालतं. रॉडवर गंज नको. तिथे तेलकट, किंचित चमकणारा तपकिरी काळा हवा.

किती मळवायचं ते काळ ठरवतो. वाफेच्या भरभराटीच्या दिवसांत शेडमध्ये इंजिनं पुसायला माणसं असत. कित्येक ड्रायव्हरांची नोकरी याच पुसण्याच्या कामापासून सुरू झाली. ब्रिटिश रेल्वेवर वाफेची नियमित सेवा ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. त्याआधीच्या वर्षांत पुसायला माणसं मिळेनाशी झाली होती आणि तेव्हाच्या छायाचित्रांत इंजिनं इतकी काळवंडलेली आहेत की मूळ रंग ओळखू येत नाही. त्यात एक गोष्ट मला फार आवडते: कॅबच्या बाजूला फक्त नंबरापुरती जागा कुणीतरी बोळ्यानं पुसून घेतलेली असते. तो पुसलेला चौकोन मी कॉटन बडनं काढतो. पुसलेल्या इंजिनालाही वेदरिंग लागतंच, कारण फडका कोपऱ्यांत पोचत नाही.

प्रवासी डब्यांचं थोडक्यात: छप्पर काजळीनं काळपट करडं, बाजू धुतल्यामुळे बऱ्याच स्वच्छ, दोन्ही टोकं मात्र मळकी, कारण धुणारे ब्रश बाजूंवर फिरतात. खालच्या सांगाड्यावर कास्ट आयर्नच्या ब्रेक ब्लॉकची तपकिरी धूळ.

खरी मजा वाघिणींत आहे. एका मालगाडीतली एकही वाघीण दुसरीसारखी दिसता कामा नये. लाकडी वाघिणीतली एखादी फळी नव्यानं बसवलेली, बाकीच्या उन्हापावसानं करड्या झालेल्या. पोलादी कोळशाच्या वाघिणीत कोळसा आतला रंग खरवडून काढतो, म्हणून आत गंज जास्त. अशा वाघिणीला मी आधी गंजाचा रंग देतो, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा अ‍ॅक्रिलिक रंग. तो सुकला की पाण्यानं ओला केलेल्या ताठ ब्रशनं घासतो. हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग कपच्यांनी सुटतो आणि खालचा गंज हवा तिथे दिसतो.

विकताना किंमत कमी येते का? येते बहुतेकदा, संग्राहकांना कोरा माल हवा असतो. मी विकण्यासाठी घेत नाही.

तुम्हालाही करून पाहावंसं वाटत असेल तर इंजिनाला हात लावू नका. एक जुनी वाघीण घ्या, खऱ्या वाघिणीचं रंगीत छायाचित्र समोर ठेवा आणि फक्त खालचा सांगाडा आणि चाकं रंगवा. ब्रेकची धूळ, अ‍ॅक्सलबॉक्सपाशी (चाकाच्या आसाच्या टोकावरच्या पेटीपाशी) तेलाचा काळा डाग, एवढंच. मग ती न रंगवलेल्या वाघिणीशेजारी रुळावर उभी करा.