उजनीच्या घाटावरची डिझेल टाकी

ट्रकच्या आणि जनरेटरच्या गळक्या टाक्या सोलापुरातल्या आमच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात नेहमीच येतात. होडीची टाकी मात्र कारखान्यात येत नाही, आपल्यालाच तिच्याकडे जावे लागते. मे महिन्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, करमाळा तालुक्याच्या काठावर, प्रवासी आणि दुचाक्या पलीकडे नेणाऱ्या एका जुन्या लोखंडी होडीसाठी मला बोलावणे आले. पाणी मृतसाठ्यात उतरलेले होते, त्यामुळे होडी काठावर ओढून ठेवता आली होती.

मालकांची तक्रार एवढीच होती की डिझेल जास्त लागते आणि इंजिन मधूनच बंद पडते. फिल्टर उघडला तेव्हा त्यात गंजाची तांबडी भुकटी आणि पाण्याचे थेंब सापडले. होडीच्या तळात साचलेल्या पाण्यावर डिझेलचा रंगीत थर तरंगत होता आणि ते पाणी रोज डब्याने उपसून जलाशयातच टाकले जात असे. याच जलाशयातून सोलापूर शहराला जलवाहिनीने पिण्याचे पाणी येते, माझ्या घरातले पाणीही तेच. होडीच्या तळातले ते पाणी आधी पिंपात भरून घ्यायला मी लावले आणि तळ लाकडाच्या भुशाने टिपून काढला, त्यानंतरच टाकीला हात घातला.

टाकी शंभरेक लिटरची, इंजिनामागे फळ्यांवर बसवलेली. गळतीच्या जागी साबण आणि त्यावर एपॉक्सीचा लेप असे थर चढलेले दिसत होते. मालक म्हणाले, "मिस्त्री, टाकी रिकामीच आहे की. इथंच वेल्डिंगचे दोन टाके मारून टाका, संध्याकाळी होडी पाण्यात घालायचीय."

त्यांचा आग्रह गैर नव्हता, होडी बंद म्हणजे रोजची कमाई बंद. पण मी ठाम नकार दिला, आणि त्याचे कारण त्यांना बसवून सांगितले. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते, कारण डिझेल काढले तरी पत्र्याला आणि सांध्यांना चिकटलेला अंश उरतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि आत हवा असल्याने ती वाफ स्फोटक होऊ शकते. डिझेल सहज पेटत नाही, असे सगळेच म्हणतात. आपल्याकडच्या मानकात मात्र डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो अंक, किमान 35 अंश सेल्सियस एवढाच ठेवलेला आहे. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतले तापमानच 40 च्या पुढे जाते, उन्हात तापलेल्या पत्र्याचे तर विचारूच नका. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने उडून न जाता होडीच्या तळात साचून राहते. एखादी टाकी वाफेने धुऊन, पाण्याने जवळजवळ भरून किंवा आत निष्क्रिय वायू सोडून जोडता येते, पण होडीच्या पोटात, वाकून, ते काम करण्याची जोखीम मी कधीच घेणार नाही.

नळ्या सोडवून टाकी बाहेर काढली आणि पालथी केली, तेव्हा वाद आपोआप मिटला. खालच्या पत्र्यावर अंगठा दाबला तर पत्रा आत गेला. त्याला ठिगळ लावायचे ते कशाला जोडायचे?

गंज दोन्हीकडून लागलेला होता. अर्धवट भरलेल्या टाकीतली दमट हवा रात्री थंड होते आणि तिच्यातले पाणी पत्र्यावर धरते. डिझेल पाण्यापेक्षा हलके, लिटरला साधारण 0.82 ते 0.85 किलो, म्हणून पाणी तळाशी जाऊन वर्षानुवर्षे तिथेच बसते. त्या दोहोंच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा काळा, बुळबुळीत थर फिल्टरच्या नळीपाशीही दिसत होता. बाहेरून टाकीखाली, झीज होऊ नये म्हणून, पोत्याचे तुकडे घातलेले होते. ते कायम ओले राहत आणि पत्र्याला कधी हवा लागत नसे.

नवी टाकी कारखान्यात 3 मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याची केली. मालकांनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सुचवला होता, तो गंजत नाही म्हणून. परंतु डिझेलच्या संपर्कात जस्त हळूहळू विरघळते आणि त्याचे साके फिल्टर आणि नोझलमध्ये अडकतात, म्हणून डिझेलसाठी मी तो आतून वापरत नाही. हेलकाव्यांनी डिझेल एकाच बाजूला आदळू नये म्हणून आत आडवे पडदे घातले आणि त्यांचे कोपरे कापून मोकळे ठेवले. तळाचा एक कोपरा मुद्दाम खोल ठेवून तिथे पाणी काढण्याचा कॉक बसवला. इंजिनाकडे जाणारी नळी वरूनच आत घेतली आणि तिचे टोक तळापासून इंचभर वर ठेवले. हात घालून आतून साफ करता यावे म्हणून वर बोल्टचे झाकण दिले. हे झाकण जुन्या टाकीला नव्हते, आणि माझ्या मते तिच्या नाशाचे निम्मे कारण तेच होते.

चाचणीसाठी टाकी पाण्याने पूर्ण भरली, बाकीची तोंडे बंद केली आणि एक पारदर्शक नळी टाकीच्या माथ्यापासून 2 मीटर उंच धरून तीही भरली. एवढ्या उंचीचे पाणी 0.2 बार दाब देते. सपाट पत्र्याच्या टाकीला त्याहून जास्त दाब दिला तर ती फुगते. नळीतली पातळी बराच वेळ जागची हलली नाही. एका सांध्यावर मात्र बारीक दव दिसले, तेवढा सांधा घासून पुन्हा भरला आणि चाचणी पहिल्यापासून घेतली. नंतर टाकी पूर्ण वाळवली आणि बाहेरून रंगवली.

घाटावर ती बसवताना फळीवर थेट न टेकवता डिझेलने न विरघळणाऱ्या निओप्रीन रबराच्या पट्ट्या चिकटवून वर उचलली, म्हणजे खालून हवा खेळते. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या आणि हवेची नळी बाहेर, पावसाचे पाणी न शिरेल अशी वळवून काढली. खर्च ठिगळाच्या कितीतरी पट झाला, तरी मालकांनी घासाघीस केली नाही.

इंजिन सुरू झाल्यावर मी तळ कोरड्या फडक्याने पुसून पाहिला आणि मालकांच्या मुलाला कॉक उघडून पाणी कसे काढायचे ते त्याच्याच हाताने करायला लावले. काढलेले पाणी डब्यात धरायचे आणि काठावर आणायचे, जलाशयात ओतायचे नाही, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले. शेजारच्या होडीचा मालक हे सगळे उभा राहून पाहत होता, त्याने आपल्या टाकीखालचे पोते तेव्हाच उपसून काढले.