पेनस्टँडमधली ब्लूबेरी

डिसेंबरात नाशिकला गेले होते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या पेनस्टँडमध्ये गुलाबी-निळ्या रंगाची एक जाड, गुळगुळीत कांडी दिसली. आईला ती भाच्याच्या दप्तरापाशी पडलेली सापडली होती. "हायलायटर आहे ना तो? टोपणच निघेना त्याचं," आई म्हणाली. मी नाकाशी नेली. ब्लूबेरी! ती वेप होती, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. मी राहते त्या इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मुलाच्या शाळेच्या रस्त्यावर हाच वास रोज येतो.

भाचा नववीत आहे. वहिनीने विचारलं तेव्हा गप्प बसला. नंतर मला म्हणाला, "आत्या, त्यात तंबाखू नसते गं, नुसता फ्लेवर असतो." तो थापा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

वेप मुलांसाठी विकतात का, असं तिकडे विचारलं की दुकानदार पाटी दाखवतो: १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही. कायदा तसाच आहे. पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघा. इंग्लंडमधल्या छोट्या दुकानांतही २०१५ पासून सिगारेटी झाकून ठेवाव्या लागतात. पाकिटं सगळी एकाच मळकट रंगाची, कंपनीचं चिन्ह नाही. आणि त्याच बंद कपाटाशेजारी वेपची फळी, दिवे लावून सजवलेली. टरबूज, कॉटन कँडी, गमी बेअर. खाली, लहान हात पोचेल तिथे, चॉकलेटं. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला सिगारेटचं एक नाव सांगता येत नाही, वेपचे चार स्वाद मात्र पाठ आहेत. चॉकलेटचे पैसे देताना वर बघून बघून झालेलं ते पाठांतर आहे. १ जून २०२५ पासून तिथे एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली, तर त्याच रंगांत, त्याच स्वादांत चार्जिंगवाल्या येऊन बसल्या.

याला दुसरी बाजू आहे, ती मी जवळून पाहिली आहे. नवऱ्याच्या एका मित्राची जुनी सिगारेट वेपमुळेच सुटली. तिथली सरकारी आरोग्यसेवाही सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्यांना हा मार्ग सुचवते. तो मित्र आंब्याचा स्वाद ओढायचा. पण साध्या पांढऱ्या डबीत मिळाली असती तरी त्याने घेतलीच असती. मग ते झगमगते रंग आणि गोळ्या-बिस्किटांची नावं कुणासाठी? इंग्लंडच्या २०२३ च्या शालेय पाहणीत ११ ते १५ वयाची ९ टक्के मुलं वेप ओढणारी निघाली. अमेरिकेत ज्यूल या वेप बनवणाऱ्या कंपनीने मुलांना भुरळ घालणाऱ्या जाहिरातींबद्दलची चौकशी मिटवायला २०२२ मध्ये तीसहून जास्त राज्यांना सुमारे ४४ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. चूक मात्र कबूल केली नाही.

आपल्याकडे २०१९ पासून वेपचं उत्पादन, विक्री, जाहिरात, आयात सगळ्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मग नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या घरात ही आली कुठून? क्लासमधल्या मित्राच्या मोठ्या भावाने दुबईहून आणलेली. म्हणजे आपल्यासारख्यांच्याच बॅगेतून, परफ्यूम आणि चॉकलेटांच्या शेजारून. मी निघताना मलाही चुलत भावाचा मेसेज होता: "येताना दोन-तीन घेऊन ये, फ्लेवर कुठलाही चालेल." बॅगेत जागा नाही, असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं कारण तेव्हाच सांगायला हवं होतं. परदेशातून घरी निघालेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, कुणी कितीही गळ घातली तरी ही आणू नका.

तेवढ्यात घंटागाडी आली. आई कांडी सुक्या कचऱ्यात टाकायला निघाली, मी थांबवलं. आत लिथियमची बॅटरी असते, गाडीत चेपली तर पेट घेऊ शकते. इंग्लंडमध्ये विकणाऱ्या दुकानांना जुनी वेप परत घ्यावी लागते. नाशकात विकायलाच बंदी, मग परत कोण घेणार? वहिनीने स्टीलचा डबा काढला. झाकण लावायच्या आधी भाच्याने कांडी मागितली, आजीचं पोथी वाचायचं भिंग घेतलं आणि तळाची बारीक अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. निकोटीनवर अडखळला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.