निळ्या उजेडाचा हिशेब

प्रवाळाच्या टाकीसाठी दिवा घ्यायला निघालेला माणूस आधी वॉट विचारतो. साहजिक आहे, गीझरपासून मिक्सरपर्यंत आपण सगळं वॉट बघूनच घेत आलोय. पण वॉट फक्त दिवा वीज किती खातो ते सांगतात. त्याचा उजेड प्रवाळाच्या कामाचा आहे की नाही, याबद्दल चकार शब्द नाही.

मासे ट्यूबलाइटच्या उजेडातही मजेत जगतात. प्रवाळाचं तसं नाही. त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिच्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. (साखर म्हटल्यावर सांगलीकराचे कान टवकारणारच.) विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये दोन फूट लांब, दीड फूट उंच, शंभरेक लिटरची टाकी आहे. तिच्यात मश्रूम आणि झोआ, दोन्ही मऊ जातीची प्रवाळं. खडक बांधणारी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, 2001 पासून. ती हौसेखातर घरात आणणं हा सरळ गुन्हा. ज्यांना बघायचीच आहेत त्यांनी घाट उतरून मालवणला जावं. तिथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

दुकानात दिवे लावून ठेवलेले असतात आणि सगळे निळे. कारण खरं आहे. समुद्राचं पाणी तांबडा उजेड वरच्या वर गिळून टाकतं, निळा सगळ्यात खोल जातो, आणि प्रवाळातलं शैवाल त्याच निळ्यावर जगायला सरावलेलं आहे. शिवाय निळ्यात झोआंचे हिरवे-केशरी रंग असे काही पेटतात की गिऱ्हाईक भाव करायचं विसरतं. दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं. मला त्यानं छोट्या टाकीसाठी चांगला दणकट दिवा काढून दिला. मागं दोन बटणं, एक निळं, एक पांढरं. वर म्हणाला, "जास्त असलेला बरा ताई, कमी पडायला नको."

इथंच खरी गोम आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यात प्रखर दिसतो तो हिरवट-पिवळा उजेड, साधारण 555 नॅनोमीटरच्या आसपासचा. प्रवाळाचा लाडका निळा 450 च्या जवळचा. तो आपल्याला मंद वाटतो, म्हणून बटण आणखी पिळलं जातं. आपल्याला टाकी अजून अंधारलेली दिसत असते आणि तिकडं प्रवाळ भाजून निघत असतं. उजेड सोसवेना झाला की ते अंगातलं शैवालच बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप इथं कुचकामी, कारण लक्स हे मापच माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं बेतलेलं आहे. इथं हवा ‘पार’ (PAR) मीटर. तो 400 ते 700 नॅनोमीटरमधला, वनस्पतीला वापरता येणारा सगळा उजेड मोजतो. मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन या मीटरवर जवळजवळ 2000 भरतं. मश्रूम-झोआंना 50 ते 150 पुष्कळ झाले.

मीटर महाग, म्हणून पुण्याच्या एका हौशी गृहस्थांकडून थोड्या दिवसांसाठी मागवला. तो टाकीत फिरवला तर मधोमध एक आकडा आणि वीतभर बाजूला त्याच्या निम्मा. दिवा वर उचलला की उजेड पसरतो, मधला भडकपणा ओसरतो. म्हणून मी बटणं खाली आणली, दिवा हातभर उंच टांगला आणि दिव्याच्या कडेला जमलेली मिठाची पांढरी खरवड ओल्या फडक्यानं पुसली. ती खरवडही उजेड अडवते, हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

मीटर परत गेला तरी मश्रूम स्वतः सांगत राहतात. उजेड जास्त झाला की कडा आत वळवून आक्रसतात, कमी पडला की पापडासारखे पसरतात. झोआंची मान लांबायला लागली तर समजावं, वर काहीतरी शोधतायत. मला विचाराल तर मीटर एकदा लावावा आणि पुढं रोज या माना बघाव्यात.

सासूबाईंचा आक्षेप निराळाच होता. "हॉलचं पार परमिट रूम केलंस की गं!" त्यांचं चुकत नव्हतं. संध्याकाळी देवाच्या समईपेक्षा या निळ्याचा तोरा जास्त, आणि आलेला पाहुणा पहिल्यांदा स्वतःचे चमकणारे पांढरे दात लपवायचा. शेवटी टायमर लावून तोडगा काढला. दुपारी पांढरा-निळा मिळून, आणि नुसता निळा त्यांची मालिका संपल्यावर तासभर. प्रवाळाला आठ-दहा तास मिळाले म्हणजे झालं, तो तास माझ्या डोळ्यांसाठी.

उष्णतेचं मात्र जपावं लागतं. प्रवाळाला पाणी 25 ते 27 अंशांचं हवं आणि सांगलीचा एप्रिल चाळिशीला टेकतो. जुने मेटल हॅलाइड दिवे इथं लावणं म्हणजे टाकीची आमटी करणं. एलईडी बरे, तरी पाण्यावर पंखा लागतोच. त्यानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज भर घालायची ती आरओच्या बिनमिठाच्या पाण्याची.

ही सगळी मोजमापं चालली असताना तासगावहून मामा आला होता. द्राक्षबागायतदार माणूस, त्याला काहीच नवल वाटलं नाही. "पाला दाट झाला की आतल्या काडीवरच्या डोळ्यांना ऊन मिळत नाही," तो म्हणाला. "मग काडी दिसते हिरवीगार आणि ऑक्टोबर छाटणीला घडाचा पत्ता नाही. एप्रिल छाटणीनंतर आम्ही फुटी विरळ करतो ते कशाला?" मग मीटर हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, खिडकीतल्या उन्हात धरला, आकडा वाचला. "पुण्याला धाडायच्या आधी एक दिवस मळ्यात आण पोरी. पश्चिमेकडच्या ओळीचा मला कधीपासून संशय आहे."